मीठ मागच्या दारानं

त्या घरात मीठ मागच्या दारानं न्यावं लागे. बोईसरला आम्ही बिऱ्हाड थाटलं त्या पहिल्याच दिवशी मी वाण्याकडून डाळ आणि मिठाची पुडी घेऊन पुढच्या पायऱ्या चढत होते, तर घरमालक ओटीवरून उठले आणि दोन्ही हात आडवे करून उभे राहिले. "काय हाय पिशवीत?" मी सांगितलं. "डाळीला ना नाय. मीठ मागनं न्या, बाय. आणि झाकून न्या." मी नवीन लग्न झालेली, कऱ्हाडकडची, या मुलखाची रीत ठाऊक नाही. मला वाटलं इकडे मिठाचं काही सोवळंओवळं असेल. निमूट वळसा घालून मागं गेले. मागच्या दारात त्यांची बायको भांडी घासत होती. माझ्या हातातली पुडी बघून ती हसली आणि म्हणाली, "अडवलं ना? ये. पुढच्या खोलीत गाड्या हायत. त्यांना खारं चालत नाय."

गाड्या म्हणजे खेळण्यातल्या आगगाड्या. विलायतेत बनलेल्या, खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाच्या, किल्लीवर चालणाऱ्या. डबे पत्र्याचे, चाकं आणि खालच्या चौकटी ओतीव. त्यांच्यासमोर खेळणं हा शब्द काढायची मात्र सोय नव्हती. गावात सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत, थोडं आदरानं आणि पुष्कळसं टिंगलीनं. रेल्वेत त्यांनी कधी नोकरी केली नव्हती. मी त्यांना काका म्हणायची आणि बायकोला काकी. मूलबाळ नव्हतं. मला या माणसाचा फार राग यायचा हे आधीच सांगून टाकते. जीवही जडला होता, तेही सांगते, म्हणजे पुढं कोणी मला अडवायला नको.

काका मूळचे तारापूरचे. तरुणपणी गवताच्या व्यापारात होते, पालघरच्या वखारीतून मुंबईच्या तबेल्यांना गवत धाडायचे. साहेबलोक देश सोडून निघाले तेव्हा मुंबईला त्यांच्या सामानाचे लिलाव होत. काका गवताच्या कामाला म्हणून गेले, कुठल्याशा लिलावात शिरले आणि तीन पेट्या घेऊन घरी आले. "मला वाटलं, भांडी आणली," काकी सांगायची. "उघडून बघते तं काय, गाड्या. म्हटलं असू दे, दोन दिवस खेळतील."

पेट्यांत मालगाडीचे डबेही होते. ते त्यांनी आठवड्याच्या आत गावातल्या पोरांना वाटून टाकले. "ज्यात माणूस बसत नाय ती गाडी कसली?" हे त्यांचं मत, आणि त्यात बदल नाही. टपालाच्या डब्यावर म्हणे त्यांनी बरेच दिवस विचार केला. शेवटी आत बसून कोणीतरी पत्रं लावतो, म्हणजे माणूस आहे, म्हणून तो ठेवला. उरलेले सगळे डबे प्रवाशांचे. जेवणाचा डबा होता, त्यात टेबलांवर नखाएवढे दिवे. झोपायचा डबा होता. पहिल्या वर्गाच्या खिडक्यांना खरे पडदे होते.

प्रवासी ते स्वतः करायचे. आगकाडीला मेण लावून, वर चिंधी गुंडाळून. आणि प्रवासी म्हणजे कोणीतरी माणूस असं नव्हे, आमच्यातलंच कोणीतरी. नवीन भाडेकरू आला की त्याची काडी व्हायची आणि त्याला जागा मिळायची. मला खिडकी दिली होती. आमच्या ह्यांना माझ्यासमोर बसवलं होतं, पाठ इंजिनाकडे, कारण हे काकांशी पहिल्याच दिवशी नळावरून वाकडं बोलले होते. काकी पहिल्या वर्गात, जेवणाच्या डब्याला लागून. तिच्या शेजारी कधी कोणी बसलं नाही. काकांची स्वतःची काडी कुठेच नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "मी बसलो तं शिट्टी कोण मारल?"

आमच्या शेजारच्या खोलीत खानदेशातला एक फिटर राहायचा. त्यानं एकदा बाजारातून हौसेनं सुकट आणली आणि पुढच्या ओटीवर वाळत घातली. सुक्या मासळीच्या मुलखात एवढासा जवळा, कोणाला काय त्याचं. काका त्याला एक शब्द बोलले नाहीत. आत गेले, त्याची काडी डब्यातून काढली आणि फलाटावर उभी केली. दोन महिने तो फिटर फलाटावर होता. आधी तो हसला, मग चिडला, आणि शेवटी एक दिवस माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, त्यांना सांगा ना, मला आत घ्या म्हणावं." चांगला दाढीमिशीवाला माणूस. त्या घराची हवाच तशी होती, शहाणी माणसं तिथं चार दिवसांत वेडी व्हायची.

घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर होतं, पण खऱ्या गाड्यांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. उलट मालगाडी गेली की खोली हादरायची. तेव्हा ते कपाळाला आठ्या घालून आपल्या डब्यांवर दोन्ही तळहात ठेवून बसायचे, ती निघून जाईपर्यंत.

गाडी बघायची त्यांची एक पद्धत होती. उभ्यानं बघायचं नाही. बसूनही नाही. फरशीवर आडवं व्हायचं, गाल जमिनीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा. मी संकोचानं दारात उभी राहिले तर म्हणाले, "उभ्यानं बघाल तं खेळणं दिसल. निजा." काकीनं मला खूण केली, निज म्हणून. मी पदर खोचला आणि त्या थंड फरशीवर गाल टेकवला. काकांनी किल्ली दिली, शिट्टी मारली. आणि खरंच सांगते, त्या वळणावरून ती गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी डोकं मागं ओढलं. ती गाडीच होती. मोठी, जड, खिडक्यांतून माणसं बसलेली, कुठल्यातरी परमुलखातून येणारी. ती डोळ्यासमोरून गेली आणि मला एकाएकी माहेर आठवलं. उठले तेव्हा माझे डोळे भरले होते. काकांनी ते बघितलं आणि माझी काडी एक खिडकी पुढं सरकवली.

तेव्हा धावणारी एवढी एकच गाडी उरली होती. बाकीच्या आजारी होत्या.

हा आजार मला काकीनं समजावून सांगितला, कारण काका त्याबद्दल बोलताना आवाज चढवायचे. तारापूरचं त्यांचं घर समुद्राला लागून. मागच्या पडवीतून उतरलं की वाळू. तिथं खिळे, बिजागऱ्या, सायकली, काहीच टिकत नाही. खारं वारं सगळं खातं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाड्या आणल्यावर काही वर्षांनी एका डब्याच्या चाकाला बारीक चीर दिसली. तो डबा नेमका समुद्राकडच्या खिडकीत ठेवलेला. मग चीर रुंद झाली, चाक सुजल्यासारखं फुगलं, आणि एक दिवस बोट लावताच त्याचा काठ खारी बिस्किटासारखा तुटून पडला. पाठोपाठ दुसरा डबा, मग तिसरा. काकांनी आधी समुद्राकडच्या खिडक्या बंद केल्या. मग त्यांवर फळ्या ठोकल्या. मागच्या पडवीचं दार लावून घेतलं. तेल लावून झालं, मेण लावून झालं, पेटीत चुन्याच्या पुरचुंड्या ठेवून झाल्या. तरी चिरा पडतच होत्या. मग एक दिवस ते बोईसरला जागा घेऊन आले.

"मला विचारलं नाय," काकी म्हणाली. "बैलगाडी दारात उभी राहिली तवा कळलं. गाड्या आधी गेल्या, गादीत गुंडाळून. मागनं मी."

तारापूरचं घर विकलं नव्हतं. कुलूप घातलं होतं, इतकंच. काकीचं माहेरही तिथलंच; बहीण होती, भाचरं होती. सणावाराला ती एसटीनं जायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची. आली की विहिरीवर डोक्यावरून आंघोळ, लुगडं बदलायचं, आणि मगच घरात पाय. केसांत खारं वारं राहतं म्हणे. हिवाळ्यात ओलेत्यानं कुडकुडत ती मला म्हणायची, "समुद्र बघून आलेली बाय नि मसणातनं आलेला माणूस, दोगांना एकच न्याय." हे सांगताना ती हसायची. मला हसू येत नसे. मी म्हणायची, काकी, तुम्ही ऐकून कसं घेता. ती म्हणायची, "अगो, त्यांचा जीव हाय त्यात. आणि माझं काय जातं, पाण्यानं."

पण जात होतं. ती समुद्राबद्दल बोलायला लागली की तिचा आवाज बदलायचा. तिला पोहायला येत नव्हतं, होडीत ती कधी बसली नव्हती. नुसतं संध्याकाळी मागच्या पायरीवर बसायचं आणि भरतीचं पाणी किती वर आलं ते बघायचं, एवढंच तिचं सुख होतं. बोईसरला मागच्या दारी पायरी होती, पुढं कुंपण आणि भाताची खाचरं. ती तिथंच बसायची आणि खाचरांकडे बघत राहायची.

आजारी डब्यांना काकांनी वेगळ्या पेटीत काढलं होतं. एकाचा दुसऱ्याला लागतो अशी त्यांची समजूत. ती पेटी काकीच्या खाटेखाली होती. रोज सकाळी चहाच्या आधी ते भिंग घेऊन बसत आणि एकेक चाक तपासत. चीर वाढली असेल तर त्या दिवशी घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. पालघरच्या एका लेथवाल्याकडून त्यांनी पितळेची चाकं करून घेतली होती. डबे चालले, पण मग खालच्या चौकटी फुगायला लागल्या, इंजिनाची कूस फाटली. चौकट बदलायची तर काय काय बदलायचं. ते म्हणाले, "हातपाय नवे लावले, पण धडच चाललं." त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकीही जेवली नाही, तिला सवयच होती तशी.

आम्ही राहायला आलो त्याच्या तिसऱ्या पावसाळ्यानंतर काकीनं अंथरूण धरलं. पायांवर सूज, दोन पावलं चाललं की धाप. पालघरच्या डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं आणि आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता जे हवं नको ते बघा. दिवाळीत तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. मी तिचे पाय चेपत होते. काका उंबऱ्यात बसले होते. ती म्हणाली, "अवो, मला घरी न्याल?"

घरी म्हणजे कुठं, हे विचारायचं कारण नव्हतं. काकांनी खाटेखालच्या पेटीकडे बघितलं. मग म्हणाले, "नेतो. चिरा थांबल्या की जाऊ. आता हलवल्या तं एक डबा हाती लागायचा नाय."

"बरं," ती म्हणाली.

मी तेव्हा उठून बाहेर गेले, कारण तिथं बसले असते तर वडिलांच्या वयाच्या माणसाला नको ते बोलले असते. थांबायला तिच्याकडे वेळ नव्हता, हे त्यांना दिसत नव्हतं का? दिसत असणार. पण त्यांना दोन्ही पाहिजे होतं, ती आणि गाड्या, आणि दोन्हीकडून रोज थोडं थोडं तुटत होतं. माणूस अशा वेळी जे भिंगाखाली धरता येतं त्याकडेच बघत बसतो.

आमचे हे तेव्हा अणुवीज केंद्राच्या कामावर एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होते. साइटवर ओतकामाचे आणि धातूंचे जाणकार लोक येत असत. त्यातल्या एका पुण्याच्या इंजिनियरांना हे एका रविवारी घेऊन आले, काकांच्या समाधानासाठी. काकांनी धुतलेलं धोतर नेसून त्यांना पुढच्या खोलीत नेलं. मी चहा आणि केळ्याचे काप घेऊन गेले तेव्हा ते गृहस्थ एक फुटकं चाक हातात घेऊन खिडकीशी उभे होते. त्यांनी चाकाचा आणखी एक तुकडा बोटांनी मोडला. काकांनी श्वास आत घेतला तो मला ऐकू आला.

"हा गंज नाही," ते म्हणाले. "हे जस्ताचं ओतकाम आहे. ओततानाच त्यात शिसं मिसळलंय, थोडंसंच. ते आतून वाढत जातं आणि धातू फुटतो. कारखान्यातून निघाला तेव्हापासून याच्यात हा रोग आहे."

"पण खारं वारं," काका म्हणाले.

"मिठाचा काही संबंध नाही. ओलीनं थोडं लवकर होत असेल. पण ओल म्हणाल तर बोईसरला काय कमी आहे?"

"एकाचं दुसऱ्याला लागतं?"

"छे. सगळे एकाच वेळी ओतले असतील, म्हणून एकाच वेळी फुटतात."

काकांनी ते चाक त्यांच्या हातातून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "आमी तारापूरला राहिलो असतो तं?"

"तरी एवढंच झालं असतं."

"तिकडंच. समुद्रावर. खिडक्या उघड्या ठेवून."

"हो ना. काहीच फरक नाही," ते म्हणाले आणि काप छान झालेत म्हणून मला सांगितलं. चांगले गृहस्थ होते. त्यांना काय ठाऊक, आपण एका चाकाबद्दल बोलत नाही म्हणून. काका त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेले, हात जोडले, परत आले आणि खोलीला बाहेरून कडी घालून ओटीवर बसले. पलीकडच्या खोलीत काकीला झोप लागली होती. मला त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "बाय, हे तिच्या कानावर घालू नकोस."

मला कारण विचारावं लागलं नाही. खिडक्यांना फळ्या ठोकल्या त्या उगीच. बैलगाडी दारात आली ती उगीच. ओल्या केसांनी विहिरीवर कुडकुडली ती उगीच. मरणाच्या दारात असलेल्या बाईला हे सांगून तिच्या हातात काय द्यायचं?

पुढचे दोन दिवस त्यांनी ती कडी काढली नाही. तिसऱ्या दिवशी मी काकीला पेज भरवत होते तेव्हा ते आत आले. दाढी केलेली होती, सदरा बदललेला होता. खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "अगो, गाड्या बऱ्या झाल्या."

काकीनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "खरं?"

"खरं. नवीन चीर नाय. सगळ्या थांबल्या. आता तुला घरी नेतो. उद्याच मोटार सांगतो."

काकीच्या तोंडावर जे आलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. तिनं दोन्ही हात जोडले आणि कपाळाला लावले. तिचे डोळे वाहायला लागले. मला वाटलं, आता ही म्हणेल, चला. आता हिची वाट संपली.

ती म्हणाली, "मंग आता कशाला जायचं?"

काकांना कळलं नाही. "घरी. तारापूरला."

"अवो, इथं गुण आला. इतक्या वरसांनी आला. आता तिकडं नेलात तं परत धरल."

"नाय धरणार."

"तुमाला काय म्हाईत? तुमीच तं सांगत आलात. केसांतलं वारंसुदा चालत नाय म्हणत होतात."

"गाड्या इथंच ठेवू. आपण दोगं जाऊ."

ती हसली. "तुमी तिकडं आणि जीव इकडं. दोन घास जायचे नायत तुमाला. नको. माझं काय, आज हाय उद्या नाय. तुमाला मागं राहायचंय त्यांच्यासंगती." आणि धाप लागली म्हणून थांबून, परत म्हणाली, "बरं झालं मी हट्ट नाय केला. इथं आलो म्हणून वाचल्या."

मी मनातल्या मनात ओरडत होते, सांगा, आता तरी सांगा. आणि त्याच दमात, नका सांगू. ज्या कारणापायी तिनं आपलं घर सोडलं, ते कारण खरं ठरलं म्हणून ती खूश होती. ते काढून घेतलं असतं तर तिला समुद्र मिळाला असता, आणि तो बघत बघत तिनं बाकीचं सगळं मोजलं असतं. काकांनीच तिला शिकवलेलं, तिनं ते इतकं नीट शिकून घेतलं होतं की त्यांना त्यात कुठं शिरायला फट सापडेना.

पुढचे पंधराएक दिवस ते रोज तिला विचारायचे. समजावायचे, रागवायचे, एकदा पाया पडले. ती नाही म्हणायची. तिला उचलून मोटारीत घालता आलं असतं, तिच्यात वजन ते काय उरलं होतं. मी तसं म्हटलंही. काका म्हणाले, "एकदा न विचारता आणली तिला. आता विचारलं, ती नाय म्हणते. परत तेच करू?"

माघात ती गेली, बोईसरच्याच खाटेवर. आदल्या दुपारी तिनं मला विचारलं होतं, आज सकाळी गाड्या बघितल्या का त्यांनी, बऱ्या हायत ना. मी हो म्हटलं.

त्यानंतर वर्षभरानं ह्यांची बदली झाली. ते वर्ष काका रोज सकाळी पुढच्या खोलीत जायचे, भिंग न घेता. आतून काहीतरी तुटून पडल्याचे बारीक आवाज मधूनमधून यायचे, आणि मग झाडूचा. सामान ट्रकवर चढलं तेव्हा मी त्यांच्या पाया पडले आणि न राहवून बोलले. म्हटलं, काका, इथं आता काय राहिलंय? घराचं कुलूप काढा. तारापूरला जाऊन राहा, तिथं तुमची चार माणसं आहेत, दोन वेळचं गरम मिळेल.

त्यांनी मान हलवली. "कसा जाऊ, बाय? ती माझ्यासाठी इथं राहिली. आता मी गेलो तं तिचं राहणं फुकट जाईल."